हेड अजून निघालं नाही

७ एप्रिल

कॉलेजला सुट्टी लागली आणि आज गाडीचं बोनेट उघडलं. काय काय सोडलं ते लिहून ठेवलेलं बरं. प्रयोगशाळेत इतकी वर्षं उपकरणं जोडते, सोडते. पण तिथे काही बिघडलं तर प्राध्यापकांवर ढकलता येतं. इथे ढकलायला फक्त दादा आहे.

गाडी बाबांची. ते गेल्यावर दादाची झाली, पण त्याच्या गल्लीत उभी करायला जागा नाही, म्हणून ती आमच्या घरामागच्या शेडमध्ये असते. चालवतो तो, धुते मी, आणि जागा अडते म्हणून कुरकुरतो माझा नवरा.

मागच्या महिन्यात दादा-वहिनी परत येत असताना इंजिन तापलं. वहिनी म्हणतात, करपल्यासारखा वास केव्हाचा येत होता, मी दोनदा बोलले. दादा म्हणतो, मला वास आलाच नाही. समोरून वाफ निघाली तेव्हा कुठे थांबला. पेट्रोलचा थेंब सांडला तर पलीकडच्या खोलीतून ओरडणारा माणूस हा! चूक कबूल करायची नसली की नाकसुद्धा चोंदतं, दुसरं काय.

तेलाची काडी बाहेर काढली तर तेल दुधाळ. म्हणजे हेडखालची गॅस्केट फाटून पाणी तेलात गेलंय. ती बदलायची तर हेड, म्हणजे इंजिनाचा अख्खा वरचा भाग, उचलायला हवा. गॅरेजवाल्यानं ऐकूनच हात जोडले. "एवढं जुनं इंजिन? स्टड आत गंजून बसलेले असणार. तुटले तर नाव माझं. मला नका घालू ह्यात."

दादा म्हणाला, "नाहीतरी ह्या गाडीला परक्याचा हात लागलेला नाही. ठमे, आपण दोघं काढू."

मला ठमी म्हणणारा आता हा एकटाच उरलाय. मी हो म्हणून बसले.

९ एप्रिल

वरचे सगळे नट निघाले. मला वाटलं, झालंच काम. हेडला दोन्ही बाजूंनी धरून हिसका दिला. ढिम्म. लाकडी हातोडीनं चारी बाजूंनी ठोकलं. ढिम्म.

दादानं समजावलं. स्टड म्हणजे लांब दांडा, दोन्ही टोकांना आटे. खालचं टोक इंजिनाच्या ब्लॉकमध्ये पिळून बसवलेलं, मधला भाग हेडमधून आरपार, वर नट. नट गेले तरी दांडे जागेवरच आहेत, आणि इतक्या वर्षांत दांडे आणि हेड गंजानं एकजीव झालेत. आता एकेक दांडा पिळून वर काढायचा. सगळे निघाले तरच हेड सुटणार.

"दहा आहेत," तो म्हणाला. "नऊ निघून उपयोग नाही."

हे सगळं तो खोक्यावर बसून सांगत होता, हात खिशात घालून. एवढं उकडतंय आणि ह्याचे हात खिशात! मी घामानं निथळते आहे आणि साहेब देखरेख करताहेत. एक काम मात्र केलं. नट-बोल्टांच्या पुड्या बांधून त्यांवर नावं घातली. तीही इतकी बारीक, की मुंगीनं पाय शाईत बुडवून चालावं तशी. शेवटी शेवटी तर अक्षर नुसती रेघ. दुकानांवर पुरुषभर उंचीची अक्षरं रंगवणारा माणूस, आणि आता एवढ्याशा कागदावर काटकसर! मी बोलून दाखवलं. तो म्हणाला, "चष्मा लाव." 

१० एप्रिल

पहिला निघाला! दांड्याच्या वरच्या आट्यांवर दोन नट चढवायचे, एकमेकांवर घट्ट आवळायचे आणि खालच्या नटाला पाना लावून फिरवायचं. दोन्ही नट अडकून राहतात आणि दांडा त्यांच्याबरोबर फिरतो. फिरला! एवढा आनंद मला लग्नातही झाला नव्हता, असं नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, "दिसत होतंच तेव्हा."

दादा हसला नाही. हल्ली तो हसतच नाही. चेहऱ्यावर इस्त्री फिरवल्यासारखा बसून असतो. रागावलाय माझ्यावर? का म्हणून?

१४ एप्रिल

मधले दिवस लिहिण्यासारखे नव्हते. गंज सोडवायचं तेल बुडाशी सोडायचं, वाट बघायची, ठोकायचं, पुन्हा तेल. चार सहज निघाले, दोन नाकी नऊ आणून निघाले. तंत्र असं की आधी किंचित आवळायचं, मग सोडायचं, पुन्हा आवळायचं. जोर केला की संपलं. हे दादाचं. सांगतो छान. मी म्हटलं, "एकदा तू तरी लाव पाना." म्हणाला, "तुझा हात बसलाय आता. मधेच बदलू नये."

दुपारी विचारत होता, "पुढच्या आठवड्यात होईल का गाडी?"

"तुला एवढी कुठे जायची घाई आहे?"

"तळ्यापर्यंत. सकाळी रस्ता रिकामा असतो."

"तळं काय पळून चाललंय?"

निघताना शेडच्या दारात असा थबकला, की मला वाटलं काही विसरला. "काय रे?" म्हटलं. "काही नाही" म्हणाला, आणि तरी पाऊल उचलेना. मग एकदम तरातरा गेला. रुसवा काढायची ही नवी पद्धत असावी.

दुकानही बंदच ठेवलंय म्हणे. छापील पाट्या आल्या, हातानं रंगवून कोण घेतं, असं म्हणतो. पण परवाच बेकरीवाला मला विचारत होता, तुमचे दादा आमची पाटी केव्हा करणार, दोनदा सांगून झालं.

१५ एप्रिल

वहिनींचा फोन. "कुठवर आलं ग?"

"सात निघाले. तीन राहिले."

"घाई करू नकोस. गाडीवाचून काही अडलेलं नाही आमचं."

दादा म्हणतो लवकर कर, वहिनी म्हणतात सावकाश कर. टोमणाच असणार तो. माझ्या हातून होत नाही असं सरळ म्हणायचं ना!

१७ एप्रिल

आठवा तुटला.

आधी तो फिरल्यासारखा वाटला. हाताला असं मऊ मऊ लागलं, मी ओरडले, "आला, आला!" दादा खोक्यावरून ओरडला, "थांब, फिरत नाहीये, पिळतोय तो!" आणि टक् असा आवाज झाला. दोन्ही नट आणि वरचा तुकडा माझ्या हातात.

मी तशीच उभी. बोटभर बुंधा वर राहिलाय एवढंच नशीब. दादा म्हणाला, "होतं असं. बाबांच्या हातूनही तुटला होता." खोटं बोलत होता. बाबांनी हे हेड कधी उघडलंच नव्हतं.

१८ एप्रिल

वेल्डिंगवाल्याला बोलावून आणलं. अगडबंब माणूस, सतत काहीतरी गुणगुणतो. तुटक्या बुंध्यावर नट ठेवला आणि आतून वेल्डिंगनं भरून टाकला. लालबुंद झालेला नट जरा काळवंडला तेव्हा त्याच्या बुडाशी मेणबत्ती टेकवली. मेण वितळून आत ओढलं गेलं. मग पाना. आधी किंचित आवळला, मग सोडला. कर्र्र असा आवाज करत आठवा बाहेर! नववा त्याच्यासमोरच मी काढला, नुसता तापवून.

दादासाठी वहिनींनी थर्मासमधून चहा पाठवला होता. मी कप भरायला गेले तर म्हणाला, "अर्धाच दे." असा अर्धा अर्धा करून तीनदा प्याला. नखरे बघा!

१९ एप्रिल

दहावा तुटला. तोही भोकाच्या आत, खाली. धरायला काही नाही, नट चिकटवायला काही नाही. नुसतं काळं भोक, आणि त्यात खोल एक चकचकीत तुटका तुकडा.

जेवले नाही. नवरा म्हणाला, "गाडी आहे ग ती, माणूस नाही." मी त्याच्यावर खेकसले.

२१ एप्रिल

आज जे झालं ते लिहावंसं वाटत नाही.

तुटका दांडा मधोमध ड्रिल करून पोखरायचा, असं ठरलं. त्यासाठी आधी बरोबर मध्यावर पंचानं, म्हणजे टोकदार पोलादी सळीनं, खूण ठोकायची. जरा बाजूला गेली तर ड्रिल घसरून हेडच्या मऊ धातूत शिरतं. मी म्हटलं, "दादा, हे मात्र तू. पट्टीशिवाय सरळ रेघ ओढणारा माणूस तू. माझा हात थरथरेल."

"तूच कर."

"अरे, एक ठोका! सगळं मी केलं, तू एक ठोका मारू शकत नाहीस?"

तो उठला. पंच घेतला. भोकाशी वाकून इतका वेळ उभा राहिला की मला वाटलं, आता झोपतो की काय. पंचाचं टोक धातूवर टकटक टकटक वाजत होतं. मी म्हटलं, "मार की!" त्यानं मारला. खूण पार कडेला गेली.

मी तरी ड्रिल लावायला नको होतं. पण मला वाटलं, सावरून घेईन. ड्रिल घसरलं आणि हेडमध्ये घुसलं. पांढऱ्या धातूच्या कुरळ्या चिपा वर आल्या.

मी बोलून गेले, "मुद्दाम करतोस का रे? चेष्टा चाललीय का माझी?"

"नाही ग," एवढंच म्हणाला. पंच बाकावर ठेवायला गेला तर तो घरंगळून खाली पडला. तो उचलायलाही वाकला नाही. गेला निघून.

उचलायचं साधं सौजन्य नाही!

२२ एप्रिल

दादा आला नाही. वहिनी आल्या. एकट्याच, बसनं.

शेडमध्ये आल्या आणि दादाच्या खोक्यावर बसल्या. मला वाटलं, कालच्या भांडणाचा जाब विचारायला आल्यात. मीच आधी सुरू केलं, "वहिनी, मी बोलायला नको होतं, पण तोही..."

"ह्यांचा हात बघितलास का तू?" त्या म्हणाल्या.

"कुठला हात?"

त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. "इतके दिवस रोज समोर बसत होते ना ग तुझ्या?"

मग सांगितलं. कंपवात. गेल्या वर्षीच कळलंय. आधी उजवा हात, मग अक्षर बारीक व्हायला लागलं, मग वास येईनासा झाला. खरं तर वास आधीच गेला होता म्हणे, कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. हसू येतं आतून, पण चेहऱ्यावर उमटत नाही. चालता चालता पाय जमिनीला चिकटल्यासारखे होतात. "तुला सांगायचं नाही अशी शपथ घातलेली. तिच्यासमोर तरी मला मी राहू दे म्हणाले."

मी पान्याची मूठ पुसत बसले. पुसलेलीच पुन्हा.

"आणि त्या दिवशी," वहिनी म्हणाल्या, "वाफ निघाली तेव्हा थांबलो आम्ही, पण ते नंतर. थांबायचं होतं त्याच्या आधी. समोर एक बाई बाळाची गाडी ढकलत रस्ता ओलांडत होती. मी ओरडले, ह्यांनाही दिसत होती. पाय ब्रेकवर जाईना. ह्यांनी चाक फिरवलं, कसेबसे तिच्या बाजूनं निघालो. तिला तर कळलंही नसेल. डॉक्टरांनी गाडी बंद म्हणून सांगितलंय. ह्यांचं आपलं चालूच, एकदा, एकदाच, रिकाम्या रस्त्यावर."

मग माझा हात धरला. तेलकट हात. "तू ही जोडलीस तर ते चालवणार ग. मी अडवू शकत नाही. मी अडवलं की त्यांचा चेहरा..."

२३ एप्रिल

दादाकडे गेले. तो खिडकीशी बसला होता. हात मांडीवर, उघडे. खिशात घालायची गरज उरली नव्हती. बोटं अशी हलत होती जणू काहीतरी मोजताहेत.

"मला का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर तू मला पंच दिला असतास?"

मग म्हणाला, "कालपर्यंत कुणीतरी माझ्यावर ओरडत होतं. घरात सगळे हळू बोलतात."

परवा ओरडले होते मी. पण दुरुस्त केलं नाही.

मी म्हटलं, "गाडी झाली की मी चालवते. तू शेजारी बस. जाऊ तळ्यापर्यंत."

"शेजारी बसून जायला बस आहे की." मग म्हणाला, "ठमे, एकदा. मग चावी तुझी. बाबांची शपथ."

वहिनी स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. मी त्यांच्याकडे बघितलं नाही, त्याच्याकडे बघितलं नाही. "आधी तो दांडा निघू दे," म्हटलं आणि उठले. पळालेच म्हणायचं.

२५ एप्रिल

वेल्डिंगवाला दोनदा येऊन गेला. भोकात खोलवर थेंब थेंब वेल्डिंग रचत वर आणतो, त्यावर नट चिकटवतो, पाना लावला की नट सुटून येतो. "पकडच घेत नाही," म्हणतो. मला हायसं वाटतं. लगेच लाज वाटते. मग पुन्हा बरं वाटतं.

तो दांडा निघावा असं मला वाटतंय की निघू नये, तेच मला कळत नाही. नवऱ्याला विचारलं, तू काय केलं असतंस? तो म्हणाला, "मी मुळात बोनेटच उघडलं नसतं." मदत म्हणून ह्याचा काही उपयोग नाही, पण जेवायला वाढलं त्यानं, आणि ताटं घासली.

२८ एप्रिल

वेल्डिंगवाल्यानं सकाळी तिसऱ्यांदा नट चिकटवला. "पुरतं गार होऊ द्या. मी जेवून येतो, मग बघू. ह्या खेपेला नाही निघाला तर मात्र मी हात टेकले," असं म्हणत गेला.

मी बसून होते. नुसतं बघावं म्हणून पाना लावला. किंचित आवळला. किंचित सोडला. मी जोर केलाच नव्हता, आईशप्पथ. आत कुठेतरी चीं असं बारीक वाजलं आणि पाना चालू लागला. थांबवावासा वाटला, पण हात थांबेना. तेलानं माखलेला, गंजानं लाल झालेला दांडा वर वर येत राहिला, आणि शेवटी माझ्या तळहातावर आडवा झाला. कोमट होता.

हेडला हात लावला. हललं. एवढे दिवस जे ढिम्म होतं, ते दोन बोटांनी हललं.

एकटीच होते. ओरडून सांगावं असं कुणी नव्हतं, आणि ज्याला सांगावंसं वाटत होतं त्यालाच सांगायचं नव्हतं. हेड बसवायचं म्हणजे आठवडाभराचं काम, नवी गॅस्केट, नवे दांडे. मग चावी. मग रिकामा रस्ता. रिकाम्या रस्त्यावरही कुणीतरी असतंच.

मी दांडा पुन्हा भोकात सोडला. बोटांनी फिरवला. पान्यालाही न जुमानणारा तो, बोटांनी निमूट आत गेला. वेल्डिंगवाल्याला फोन करून सांगितलं, आता येऊ नका, आम्ही नाद सोडला.

आणि नेमका दादा आला. भांडणानंतर पहिल्यांदाच. दारात थबकला. ह्या वेळी मी "काय रे" म्हटलं नाही. त्याचा पाय सुटेपर्यंत पाने पुसत राहिले.

"निघाला?"

"नाही," मी म्हटलं. "नाही निघत रे दादा. तीनदा करून झालं. आता हेड फोडावं लागेल."

"बघू," म्हणाला, आणि हात खिशातून काढून त्यानं त्या नटावर ठेवला. त्याचा हात थरथरत होता आणि त्या थरथरीबरोबर नट इकडे, तिकडे, इकडे, तिकडे फिरत होता. सैल दांडा आत बारीक वाजत होता. मला ते दिसत होतं, ऐकू येत होतं. तो हात ठेवून उभा होता, खाली मान घालून.

मग त्यानं हात काढून घेतला.

"घट्ट आहे ग," म्हणाला. "फार घट्ट आहे. राहू दे आता. तू पुष्कळ केलंस."

मी मान हलवली.

तो थोडा वेळ खोक्यावर बसला. माझ्या कॉलेजबद्दल विचारलं, कधी उघडतंय वगैरे. उठताना म्हणाला, "तुझ्या वहिनीला मी सांगतो, निघत नाही म्हणून. तू नको सांगूस. तुला खोटं बोलता येत नाही, तिला वाटेल आपण काहीतरी लपवतोय."

कोपऱ्यापर्यंत त्याला सोडायला गेले. एवढं काम आणि एवढं मोठं खोटं, दोन्ही एका दिवसात. पण निभावलं. त्याच्या बोटांना आता तेवढं कळत नाही, हेच एक बरं झालं.